फोर्डचे दार नेमके कुठे उघडत होते?

हेन्री फोर्डविषयी एक विधान इतक्या वेळा केले जाते की ते आता तपासून पाहण्याची कुणाला गरज वाटत नाही. अमेरिकेत वर्णभेद शिगेला पोचलेला असताना ह्या कारखानदाराने काळ्या आणि गोऱ्या कामगारांना एकाच कारखान्यात, एकाच दराने काम दिले, आणि तेही कोणत्याही कायद्याच्या दडपणाशिवाय. त्यातून लगेच निष्कर्ष निघतो की नफ्याचे गणित कळणाऱ्या मालकाला भेदभाव परवडत नाही, म्हणून बाजाराला मोकळे सोडावे. मला हा निष्कर्ष चुकीचा वाटतो आणि त्यामागचे विधान अर्धवट वाटते.

तरीही पूर्वपक्ष दुबळा करून मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल. 1914 मध्ये विल्यम पेरी हा पहिला काळा कामगार फोर्डकडे लागला. त्याच वर्षी पाच डॉलर रोजाची घोषणा झाली होती. 1920 च्या दशकाच्या मध्यापर्यंत फोर्डकडच्या काळ्या कामगारांची संख्या दहा हजारांच्या घरात गेली. डेट्रॉइटमधले बाकीचे मोटार कारखाने त्या काळात काळ्या माणसाच्या हाती बहुधा झाडू देत. अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरमधल्या अनेक कारागीर संघटना तर त्याला सभासदही करून घेत नसत. रिव्हर रूज कारखान्यात मात्र तो यंत्रावर दिसे, क्रेनवर दिसे, क्वचित मुकादमही होई. ह्या पगारावर डेट्रॉइटच्या काळ्या वस्तीत घरे उभी राहिली, मुले शिकली. त्या पिढीतल्या अनेकांना फोर्डविषयी वाटणारी कृतज्ञता भाबडी नव्हती. तिला भक्कम कारण होते.

पण ही ‘फोर्ड कंपनी’ म्हणजे नेमके काय? 1937 च्या सुमारास कंपनीच्या काळ्या कामगारांपैकी जवळपास सगळे, शंभरातले नव्याण्णव, एकट्या रूज कारखान्यात होते. देशभर विखुरलेल्या जुळणी कारखान्यांत त्यांना जागा नव्हती. दक्षिणेत तर ते सफाईपुरतेच. जे धोरण एका शहराची वेस ओलांडत नाही, त्याला तत्त्व कसे म्हणायचे? मालकाला खरोखरच माणसाचा रंग दिसत नसता, तर तो अटलांटात वेगळा आणि डेट्रॉइटमध्ये वेगळा वागला नसता. डेट्रॉइटची निकडही वेगळी होती. पहिल्या महायुद्धाने युरोपातून येणारे मजूर अडवले, आणि 1921 व 1924 च्या स्थलांतर-निर्बंध कायद्यांनी तो ओघ आटवला. हात तर हवेच होते, आणि दक्षिणेतून येणारी गाडी ते घेऊन येत होती.

आता रूजच्या आत जाऊ, कारण खरा वाद तिथला आहे. काळ्या कामगारांची सर्वांत मोठी गर्दी फाउंड्रीत होती. वितळलेले लोखंड साच्यांत ओतायचे, साचे फोडून तापलेले ठोकळे बाहेर काढायचे, श्वासावाटे वाळूची धूळ घ्यायची. भाजणे, चिरडणे आणि छातीचे विकार हे त्या कामाचे नेहमीचे सोबती. टूल-रूमसारख्या कौशल्याच्या विभागांत काळा माणूस हाताच्या बोटांवर मोजावा लागे. तासाचा दर सारखाच, हे खरे. पण त्या तासात शरीराकडून वसूल होणारी किंमत सारखी नव्हती, आणि ह्या हिशेबाला मजुरीच्या तक्त्यात रकानाच नसतो.

अर्थशास्त्रज्ञ फूट, व्हॉटली आणि राइट ह्यांनी कंपनीच्या जुन्या नोकरीनोंदींवर केलेला, 2003 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे निर्णायक आहे. फाउंड्रीसारख्या कामांतून गोरा कामगार लवकर निघून जाई. काळा टिकून राही. तो अधिक काटक होता म्हणून नव्हे, तर फाटकाबाहेर त्याला तो पगार देणारे दुसरे कोणी नव्हते म्हणून. शहरातल्या इतर मालकांच्या भेदभावाने फोर्डला असा कामगार मिळवून दिला की जो वाईटातले वाईट काम सोडून जाऊ शकत नव्हता. ज्या बाजाराकडे भेदभावावरचा उपाय म्हणून बोट दाखवले जाते, त्यातला सर्वांत हुशार व्यापारी त्या भेदभावातूनच कमाई करत होता. हा भेदभाव संपावा असे वाटायला त्याला कारण नव्हते.

शिवाय भरतीची रीत पाहा. काळ्या उमेदवाराला बहुधा चर्चच्या पाळकाची शिफारस लागे. सेकंड बॅप्टिस्टचे रॉबर्ट ब्रॅडबी, सेंट मॅथ्यूजचे एव्हरार्ड डॅनियल ही त्यांतली मोठी नावे. एका चिठ्ठीवर नोकरी मिळत असेल, तर एका नाराजीत ती जाऊही शकते, हे सगळ्यांना कळत होते. मोटार कामगारांच्या युनियनच्या वक्त्याला व्यासपीठ देण्याआधी चर्चला आपल्या सभासदांच्या पोटाचा विचार करावा लागे. मालकाचा हा वचक निव्वळ कारखान्यापुरता राहिला नव्हता. आणि डेट्रॉइटला लागून असलेल्या ज्या डिअरबॉर्न गावात रूज उभा होता, तिथे काम करायला काळा माणूस चाले; बिऱ्हाड थाटायला चालत नसे.

कुणी म्हणेल, युनियन तरी कुठे स्वच्छ होती? नव्हतीच. जून 1943 मध्ये पॅकार्ड कारखान्यात तीन काळ्या कामगारांना बढती मिळाली म्हणून पंचवीस हजार गोऱ्यांनी काम बंद पाडले. ह्याला संप म्हणायचीही मला लाज वाटते. पण युनियनच्या दोषाने फोर्ड निर्दोष ठरत नाही.

एप्रिल 1941 मध्ये रूजमध्ये संप झाला तेव्हा बरेच काळे कामगार आतच राहिले. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी संघटनेचे वॉल्टर व्हाइट स्वतः डेट्रॉइटला येऊन त्यांना बाहेर पडण्याचे आवाहन करत होते. मे महिन्यातल्या मतदानात युनियन जिंकली आणि जूनमध्ये करार झाला. वाटाघाटींत शेल्टन टॅप्स हा फाउंड्रीतला काळा कामगार होता, आणि वंशावरून भेदभाव करणार नाही हे कलम करारात यावे म्हणून तोच झटला. रूजमध्ये समानता आधीपासूनच नांदत असती, तर पेरी कामावर लागल्यानंतर सत्तावीस वर्षांनी ती लिहून घेण्याची गरज फाउंड्रीतल्या माणसालाच का भासावी?