कुणाच्या हातचं

माझा मुलगा आणि सून जर्मनीत असतात. गेल्या वर्षी शनिवार-रविवार जोडून ती दोघं सिसिलीला जाऊन आली. सिसिली म्हणजे भूमध्य समुद्रातलं, इटलीच्या टोकाशी असलेलं मोठं बेट. सहल कसली, तर खाण्याची आणि वाईनची! श्रावणात दोघं लोहारदाला घरी आली, तेव्हा सूनबाईने फोनवर फोटो दाखवले. मार्साला गावातली लाकडी पिंपं, तळलेले भाताचे गोळे, लिंबाच्या बागा. म्हणाली, "आई, लिंबू आणि ऊस तिथे अरबांनी नेला. तिथे 'सॉर्बेत्तो' म्हणतात ना, तो शब्द आणि आपलं सरबत एकाच घराण्यातले."

मला गंमत वाटली. मग ती जरा चाचरत म्हणाली, "तुम्हाला तिथे नेलं असतं, तर तुम्ही काय खाल्लं असतं?"

खरंच, काय खाल्लं असतं? वाईन नाही, मासळी नाही, कांदा-बटाटा नाही, सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही. माझ्या जेवणाची ओळख 'नाही'नेच सुरू होते. मी हसून म्हटलं, "मला बेट दाखवायचं तर मांडूला चल. तिथेही पाणी आहे, मेजवानी आहे आणि दारूसुद्धा आहे. फक्त चारशे वर्षांपूर्वीची."

अशी आमची दोन दिवसांची सहल ठरली. माझं माहेर जालन्याचं, पण लग्नानंतरची तीस वर्षं इथेच गेली. धार-देवासला पवारांची राज्यं होती, त्यामुळे या मुलखात मराठी काही उपरी नाही. तरी मांडूला मी आजवर गेले ती देवदर्शनाला. मांडवगडचं सुपार्श्वनाथाचं मंदिर, भोजनशाळा, आणि परत. महालांकडे बघायला वेळच झाला नव्हता.

इंदूर, धार करत दुपारी आम्ही गडावर पोचलो. वाटेवर बायका गोरखचिंचेची मोठाली फळं विकायला बसल्या होत्या. इथे तिला 'मांडू की इमली' म्हणतात. आतला पांढरा गर आंबटसर, जिभेवर विरघळणारा. हे झाड मुळात आफ्रिकेतलं. म्हणजे खाण्याच्या वस्तूंनी समुद्र ओलांडणं हे काही एकट्या सिसिलीचं कौतुक नाही.

जहाज महालाच्या गच्चीवर उभं राहिलं की नाव कशामुळे पडलं ते सांगावं लागत नाही. एका अंगाला मुंज तलाव, दुसऱ्या अंगाला कपूर तलाव, आणि मधोमध शंभर मीटरहून लांब, अरुंद इमारत. पावसाळ्यात दोन्ही तलाव भरले की ती नांगरून ठेवलेल्या जहाजासारखी दिसते.

1617 साली बादशहा जहांगीर मांडूत मुक्कामाला होता. इथल्या पावसाळ्याचं त्याला फार कौतुक. त्या पावसाळ्यातल्या शब-ए-बरातच्या रात्रीचं वर्णन त्याने आपल्या आठवणींत करून ठेवलंय. मोठ्या तलावांच्या मधोमध असलेल्या नूरजहाँच्या एका महालात मेजवानी होती. तयारी सगळी बेगमेची. ज्याला जे पेय हवं ते द्या, असा बादशहाचा हुकूम. सोबत भाजलेलं मांस, फळं. आणि तलावांच्या काठाने, इमारतींवर दिव्यांच्या रांगा. हा महाल म्हणजेच जहाज महाल, असं पुष्कळ जण मानतात. सूनबाई म्हणाली, "आई, हे तर सिसिलीच झालं!"

पण हा वाडा जहांगीराच्याही आधीचा. तो माळव्याचा सुलतान गियासुद्दीन खिलजी याच्या नावाने सांगतात. 1469 ते 1500 हा त्याचा राज्यकाळ. लढायांपेक्षा त्याला स्वयंपाकघर प्रिय. त्याच्यासाठी लिहायला घेतलेलं आणि त्याचा मुलगा नासिरुद्दीनच्या काळात पुरं झालेलं 'नियामतनामा' हे पुस्तक आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. फारसी भाषा, पन्नास चित्रं, आणि विषय पाककृती! समोसे, खिचडी, कढी, खीर, सरबतं, विडे, अत्तरं. मांसाचे प्रकारही भरपूर. ती पानं मी आपली उलटते. पण चित्रांत मिशाळ सुलतान बसलाय, समोर चुलीवर पातेली आहेत आणि अवतीभवती कामाला लागलेल्या बायका आहेत. फरिश्ता नावाचा इतिहासकार म्हणतो, त्याच्या जनानखान्यात पंधरा हजार स्त्रिया होत्या, आणि त्यांना नाना कला आणि धंदे शिकवले होते. आकडा फुगवलेला असेल. पण चित्रातल्या त्या बायांचं एकही नाव आपल्याला ठाऊक नाही. मिशी तेवढी सुलतानाची लक्षात राहते.

आता ऐका खरी गंमत. एवढा खाण्याचा शौकीन माणूस, पण नशेला शिवत नसे, असं जुने इतिहासकार सांगतात. एकदा त्याच्यासाठी भारी किमतीचं औषध बनवलं. शेकडो जिन्नस त्यात. सुलतान म्हणाला, आधी यादी वाचा. यादीत कुठेतरी चिमूटभर जायफळ निघालं. जायफळाने गुंगी येते म्हणून त्याने ते सगळं औषध टाकून दिलं, अशी गोष्ट आहे.

हे मी सांगितलं तेव्हा माझा मुलगा खो-खो हसला. "आई, हा तर तूच! बिस्किटाचा पुडा उलटा करून वाचणारी!"

मीही हसले. आपल्या बायकांची निम्मी जिंदगी पुड्याच्या मागची बारीक अक्षरं वाचण्यात जाते. पण सूनबाई हसली नाही. का, ते मला माहीत होतं.

ती जैन घरातली नाही. लग्न होऊन आली तेव्हा मी भांडण केलं नाही, पण तिला वेगळं फळकूट दिलं, वेगळा तवा दिला. तिने चहा केला की मी म्हणायची, "ठेव, मी नंतर घेते." आणि तो चहा गार व्हायचा. सहा वर्षांत मी तिच्या हातचं पोटभर असं कधी जेवले नाही. धर्मात असं काही सांगितलंय का? मुळीच नाही. जिन्नस शुद्ध असावा, वेळ पाळावी, जीव जपावा, एवढंच. हातावर शंका घेणं ही माझी भर.

संध्याकाळी आम्ही रूपमती मंडपात गेलो. आभाळ स्वच्छ असलं की तिथून दूरवर नर्मदेची रेघ दिसते, त्यासाठी थांबलो. ढग काही हटेनात. ढगांमुळे सूर्य कधी बुडाला तेच कळलं नाही. भोजनशाळेत पोचलो तोवर वेळ उलटून गेली होती. माझा चौविहार, मी आपली तशीच निजले. मुलगा आणि सून बाजारात दाल-पानिये खाऊन आली. मक्याच्या पिठाचे गोळे पानांत लपेटून गोवऱ्यांवर भाजतात, ते पानिये. त्यांनी खाल्लं याचं मला वाईट नव्हतं. पण सूनबाई खोलीत शिरली ती चोरासारखी, ओठ पुसत. ते मात्र मला लागलं.

रात्री झोप येईना. पोटात भूक, आणि डोक्यात गियासुद्दीनचा शेवट. जहांगीर लिहितो, नासिरुद्दीनने बापाला दोनदा विष दिलं. दोन्ही वेळा सुलतान दंडावरच्या जहरमोहऱ्याने वाचला. तिसऱ्या वेळी मुलाने स्वतःच्या हाताने सरबताचा पेला पुढे केला. म्हाताऱ्याने ओळखलं. दंडावरचा जहरमोहरा सोडला, मुलापुढे टाकला, देवाचं नाव घेतलं आणि पेला पिऊन टाकला. हे 1501 च्या सुमाराचं. जहांगीरने ते लिहिलं शंभरावर वर्षांनी, आणि विषप्रयोग खरा की खोटा यावर इतिहासकारांत एकमत नाही. जहांगीरला मात्र ते इतकं खरं वाटलं, की त्याने नासिरुद्दीनच्या कबरीला लाथ मारली.

चिमूटभर जायफळासाठी औषध फेकणारा माणूस पोटच्या पोराच्या हातचा पेला परतवू शकला नाही. त्याने विष ओळखून हातावर विश्वास ठेवला. आणि मी? जिच्या हातात कधी काही वावगं नव्हतं, तिचा चहा सहा वर्षं गार होऊ दिला.

याच मांडूत, याच सुलतानांच्या राज्यात, 1439 साली आपल्या लोकांनी कल्पसूत्राची सुंदर सचित्र पोथी लिहवून घेतली. ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. एक पुस्तक संयमाचं, एक जिभेचं, साठ-सत्तर वर्षांच्या अंतराने एकाच गावात जन्मली. कोणी कोणाला गावाबाहेर काढलं नाही. आणि माझ्या स्वयंपाकघरात दोन तवे एका फळकुटावर नांदत नव्हते!

सकाळी नवकारसी झाली. भोजनशाळेकडे निघणार, तोच सूनबाईने पिशवीतून डबा काढला. तिखट-मिठाच्या पुऱ्या. लोहारदाहून निघायच्या आधी पहाटे उठून तळल्या होत्या, आणि मला कळूही दिलं नव्हतं. मी बघतेय म्हटल्यावर तिने घाईघाईने सांगायला सुरुवात केली, "आई, पीठ कालच दळून आणलं होतं, दोनदा चाळलंय, पाणी उकळून घेतलं, हिरवी पालेभाजी घातलेली नाही, ओव्याशिवाय..."

ती यादी वाचत होती. औषधाची यादी.

मी म्हटलं, "पुरे. दे इकडे."

बाहेर झिमझिम पाऊस होता. मी चार पुऱ्या खाल्ल्या. ती समोर बसून माझ्याकडे बघत होती. शेवटी न राहवून तिने विचारलं, "मीठ बरोबर आहे ना?"

"थोडं कमी आहे," मी म्हटलं.

सहा वर्षांत पहिल्यांदा तिच्या स्वयंपाकाबद्दल मी मिठाचं बोलले, पिठाचं नाही. ती खुदकन हसली. घरी परतल्यावर मी तिचा तवा माझ्या तव्याशेजारी ठेवला. आता ती जर्मनीहून फोन करते, तेव्हा मी पाककृती विचारते आणि वहीत लिहून घेते. प्रत्येकीखाली तिचं नाव टाकते. नियामतनाम्यातल्या बायांचं नाव राहिलं ते राहिलं, निदान आमच्या घरातलं राहू नये.