गार्सिया द ओर्ता : मुंबई बेटाचा खंडकरी वैद्य

ज्युबिलीच्या या स्मरणिकेत आपल्या धर्मग्रामातील पुण्यशील पूर्वजांची चरित्रे यावीत, हे यथायोग्यच आहे. परंतु ज्या उत्तर कोकणच्या भूमीवर आपले मंदिर उभे आहे, तेथील झाडेझुडपे, फळे व रोगराई स्वतः पाहून ज्याने ती छापील ग्रंथाच्या द्वारे युरोपातील विद्वानांस समजावून सांगितली, त्या वैद्याचे नाव आपल्या मंदिरांतून सहसा निघत नाही. त्याला कारण आहे. आणि ते कारण सांगितल्यावाचून त्याचे चरित्र सांगणे आम्हास प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

गार्सिया द ओर्ता याचा जन्म १५०० च्या सुमारास पोर्तुगालमधील काश्तेलु द व्हीद या सरहद्दीवरील गावी झाला. त्याचे आईबाप मूळचे स्पेनमधील यहुदी. १४९२ साली यहुदी लोकांस तो देश सोडावा लागला तेव्हा पुष्कळ कुटुंबे पोर्तुगालात आली, व तेथे १४९७ साली राजाज्ञेने त्यांस सक्तीने बाप्तिस्मा देण्यात आला. इच्छेविरुद्ध कोणासही बाप्तिस्मा देऊ नये, हा पवित्र ख्रिस्तसभेचा फार जुना नियम. तो येथे मोडला गेला, आणि पुढील सर्व अनर्थाचे बीज त्यातच होते, असे आमचे मत आहे. अशा घराण्यांस ‘नवे ख्रिस्ती’ म्हणत व पिढ्यान्पिढ्या त्यांच्यावर संशयाची नजर असे.

गार्सियाने सालामांका व आल्काला येथील विद्यापीठांत वैद्यकाचे अध्ययन केले व काही वर्षे लिस्बन येथे अध्यापनही केले. १५३४ च्या मार्च महिन्यात तो मार्तिम आफोन्सु द सोझा या सरदाराचा वैद्य म्हणून जहाजावर चढला आणि सप्टेंबरात गोव्यास उतरला. हाच सोझा पुढे १५४२ साली गव्हर्नर होऊन आला, तेव्हा त्याच्यासमवेत संत फ्रान्सिस झेवियर गोव्यास आले. सोझाच्या स्वारीबरोबर गार्सियाने पश्चिम किनारा पाहिला. वसई व भोवतालची बेटे पोर्तुगीजांच्या हाती आली ती त्याच वर्षाच्या अखेरीस.

पुढे तो गोव्यात स्थायिक झाला. व्हाइसरॉयांचा तो वैद्य होता, तसाच अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचाही. ख्रिस्ती राज्यकर्त्याची नाडी आणि मुसलमान सुलतानाची नाडी त्याने सारख्याच विश्वासाने हाती धरली. निजामशहाच्या दरबारातील हकिमांशी तो वाद करी आणि त्यांच्याकडून शिकेही. हिंदू वैद्यांस शरीररचनेचे ज्ञान नाही, असा शेरा त्याने मारला आहे खरा; तथापि आपल्या औषधांनी गुण आला नाही म्हणजे आपण त्यांच्या औषधांकडे वळतो, हेही तो मोकळेपणी सांगतो. अतिसारावर कुड्याचा उपयोग तो येथील लोकांपासूनच शिकला.

१५५४ च्या सुमारास मुंबई बेट त्यास खंडाने मिळाले. तेव्हाचे मुंबई म्हणजे नारळीपोफळीच्या बागा, भातखाचरे व कोळीवाडे. तेथे त्याची बाग होती, आणि वर्षातून दोनदा फळणारे एक आंब्याचे झाड त्या बागेत होते, असे तो मोठ्या कौतुकाने लिहितो. मालकीच्या जमिनीचा अभिमान सर्वांनाच असतो. पण हा खंडकरी आपल्या उत्पन्नाचा हिशेब न देता आंब्याच्या मोहोराचा हिशेब देतो! त्याचा वाडा ज्या जागी होता असे मानतात, तेथेच पुढे इंग्रजांचा किल्ला झाला, आणि आता ती जागा टाउन हॉलच्या मागे भारतीय नौदलाच्या ताब्यात आहे.

१५६३ च्या एप्रिलात त्याचा ग्रंथ गोव्यात छापून निघाला. ग्रंथ संवादरूप आहे. सालामांकाहून आलेला डॉक्टर रुआनु नावाचा एक कल्पित पाहुणा प्रश्न विचारतो व ओर्ता उत्तरे देतो. मध्येच तो आंतोनिया नावाच्या दासीस हाक मारतो आणि ती बागेतून पाला किंवा फळ तोडून आणते. फणस, चिंच, विड्याचे पान, कडुनिंब, धोत्रा, सर्वांची विचारपूस त्यात आहे. चिंचेस अरबांनी हिंदी खजूर म्हटले तरी ती खजुराची जात नव्हे, हे तो झाड दाखवून पटवितो. चोरट्या चाकरांनी धोत्रा चारला म्हणजे माणूस कसा खुळावतो, हेही सांगतो. पारिजातकाची कथा त्याने आपल्या लोकांच्या तोंडून ऐकली असली पाहिजे: सूर्यावर प्रीती करून टाकली गेलेली मुलगी, तिच्या राखेतून उगवलेले झाड, आणि म्हणून दिवसा मिटणारे फूल. काळी मिरी व पांढरी मिरी ही दोन निरनिराळ्या वेलींची फळे, असा चुकीचा समजही त्यात आहे. पण ग्रीक व अरब ग्रंथकारांच्या नावाने दबून न जाता डोळ्यांनी पाहिलेलेच मी सांगेन, हा त्याचा बाणा त्या काळी विरळा होता.

महामारीचे प्रकरण तर वैद्यांनी मुद्दाम वाचावे. नाडी क्षीण होणे, थंड घाम, खोल गेलेले डोळे, पायांत पेटके, न शमणारी तहान: रोग्याच्या उशाशी बसल्यावाचून असे लिहिता येत नाही. या रोगास देशी लोक काय म्हणतात, हेही त्याने नोंदले. तो शब्द म्हणजे आपली मोडशी! आपल्या आजीबाई अजीर्णास जो शब्द लावीत, तोच पोर्तुगीजांच्या तोंडी ‘मोर्देशीं’ होऊन युरोपच्या वैद्यकात गेला. चार वर्षांनी, १५६७ साली, क्लुसियुस या वनस्पतिशास्त्रज्ञाने अँटवर्प येथे त्या ग्रंथाचा लॅटिन सारांश छापला आणि ओर्ताचे नाव सर्वत्र झाले.

आता ते कारण.

गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन १५६० साली बसले. ते असावे, अशी विनंती संत फ्रान्सिस झेवियर यांनी १५४६ साली पोर्तुगालच्या राजास पत्राने केली होती. ज्यांच्या मध्यस्थीची आम्ही नित्य याचना करतो, त्यांच्याविषयी हे लिहिताना लेखणी जड होते. परंतु पत्र आहे ते आहे. ओर्ताच्या बहिणी लिस्बन येथे एकदा पकडल्या जाऊन सुटल्या होत्या, व १५४९ मध्ये आईसह त्याच्याकडे आल्या होत्या. त्याच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर तपासणारे म्हणून इन्क्विझिटर आलेशु दियश फाल्कांव यांचे नाव छापलेले आहे. ग्रंथात त्यांस आक्षेपार्ह काही आढळले नाही.

१५६८ साली ओर्ता मरण पावला. त्यानंतर त्याची बहीण कातारीना हिला धरले, आणि १५६९ च्या ऑक्टोबरात गोव्यात जिवंत जाळले. तुरुंगातील आप्तांच्या जबान्यांवरून ओर्ता गुप्तपणे यहुदी धर्म पाळीत होता, असा निर्णय झाला. मग १५८० च्या डिसेंबरात त्याची हाडे उकरून जाळण्यात आली. ही हकीकत १९३४ साली आगुश्तु द सिल्व्हा कार्व्हाल्यु यांनी न्यायासनाच्या दप्तरांतून उजेडात आणली.

तो अंतःकरणाने कोणत्या धर्माचा होता, याचा निवाडा करण्याचा अधिकार आम्हास नाही. ‘त्या काळी सर्वच राष्ट्रे असे करीत’, हे समाधान आम्ही अनेकदा ऐकले आहे, व ते खोटेही नाही. परंतु जे न्यायासन आपल्या प्रभूचे नाव घेऊन बसते, त्यास इतर राष्ट्रांची सबब शोभत नाही. १८१२ साली ते न्यायासन कायमचे बंद झाले. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी सत्याच्या नावाखाली ख्रिस्ती लोकांनी केलेल्या जुलमाबद्दल व यहुदी लोकांविरुद्ध घडलेल्या पापांबद्दल परमेश्वराची जाहीर क्षमा मागितली.

पणजीस निष्कलंक मातेच्या मंदिराच्या पायऱ्या उतरून खाली गेले म्हणजे जवळच गार्सिया द ओर्ता याच्या नावाची बाग लागते. जुन्या गोव्यास संतांच्या दर्शनाला जाणाऱ्या आपल्या मंडळींनी परतताना तेथे घटकाभर थांबावे, झाडांखाली बसावे, आणि कातारीना व गार्सिया या बहीणभावांसाठी एक प्रार्थना म्हणावी.