चौपाटीवरचे विमान आणि इंजिनाची साक्ष

१८९५ साली गिरगाव चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी ‘मरुत्सखा’ नावाचे मानवरहित विमान उडवले, ते १५०० फूट उंच गेले आणि राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी हा पराक्रम मुंबईत घडला. ही कथा आपण कितीदा तरी वाचली असेल. २०१५ साली तिच्यावर हिंदी चित्रपटही आला. या धाग्यात त्या कथेला एकच प्रश्न विचारावयाचा आहे. विमानाला इंजिन होते असे सांगतात, तर ते पेटवले कसे आणि विझवले कसे?

प्रश्न किरकोळ वाटेल, पण ज्याने लहानसे का होईना, जेट इंजिन सुरू होताना पाहिले आहे, त्याला तो सर्वांत आधी सुचतो. आज छंद म्हणून उडवल्या जाणाऱ्या मोठ्या विमान-प्रतिकृतींत खरेखुरे वायू-टर्बाइन बसवतात. दोन्ही हातांत सहज मावेल एवढे ते यंत्र असते. इंधन म्हणजे आपले घासलेटच, त्यात थोडे टर्बाइनचे तेल मिसळलेले. आतले चक्र मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेते आणि मागून निघणारा झोत ६००-७०० अंश सेल्सिअस तापलेला असतो.

म्हणून त्याची शिस्त कडक आहे. सुरू करताना एक माणूस कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक नळकांडे घेऊन शेजारी सज्ज असतो. पावडरनेही आग विझते, पण ती आत गेली की इंजिन कामातून जाते. मागे कोणी उभे राहावयाचे नाही हे उघडच आहे. परंतु बाजूलाही, चक्र ज्या पातळीत फिरते त्या रेषेत, उभे राहावयाचे नाही. चक्र फुटले तर तुकडे त्याच रेषेत सुटतात. इंजिनाच्या तोंडाशी खडा, दोरी, सैल बाही यांपैकी काहीही येता कामा नये. रेडिओचा संपर्क तुटला तर इंधन आपोआप बंद व्हावे लागते. इंजिन थांबल्यावरही आत हवा खेळवून ते निववावे लागते. (चौपाटीची वाळू आत ओढली गेली, तर अशा इंजिनाचे काय होईल याची कल्पना करून पाहा.)

यातील एकेका नियमामागे कोणाची तरी उडालेली घाबरगुंडी आहे. १२ एप्रिल १९३७ रोजी इंग्लंडात रग्बी येथे फ्रँक व्हिटल यांनी आपले जेट इंजिन प्रथम चालवले. इंधनाची झडप बंद केली तरी त्याचा वेग वाढतच गेला. सहकारी जीव घेऊन पळाले. व्हिटल मात्र यंत्रापाशी राहिले. पुढे कारण उमगले: गळलेले इंधन आत साचून राहिले होते आणि तेच जळत होते. आत साचलेले इंधन काढून टाकल्याशिवाय पुन्हा पेटवावयाचे नाही, हा छंदी मंडळींचा नियम त्याच धोक्यासाठी आहे. टर्बाइनवर चालणारी प्रतिकृती १९८३ साली ब्रिटनमध्ये उडाली. नंतर जर्मनीच्या कुर्ट श्रेक्लिंग यांनी घरच्या कार्यशाळेत घडवता येईल असे इंजिन रचले. हवा दाबणारे त्याचे चक्र चक्क प्लायवुडचे होते!

तळपदे यांचे यंत्र या जातीचे नव्हते. पण उष्णतेवर चालणारे कोणतेही इंजिन थोड्याफार फरकाने हीच शिस्त मागते. १८९५ च्या अगदी लगतचे एक उदाहरण त्यासाठी पुरेसे आहे.

६ मे १८९६. वॉशिंग्टनच्या दक्षिणेस पोटोमॅक नदी. सॅम्युएल लँग्ली यांचे ‘एरोड्रोम क्रमांक ५’, चार मीटरांहून थोडे अधिक पंखविस्ताराचे, मानवरहित, सुमारे एक अश्वशक्तीच्या वाफेच्या इंजिनावर चालणारे. एका नौकेच्या छतावरून ते सोडण्यात आले, सुमारे हजार मीटर उडाले आणि वाफ संपताच अलगद पाण्यावर उतरले. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल तेथे उपस्थित होते. त्यांनी छायाचित्र घेतले आणि पाहिले ते लिहून प्रसिद्धही केले. यंत्र आजही स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे आधीच्या फसलेल्या यंत्रांची हकीकतही उपलब्ध आहे: कोठे वजन वाढले, कोठे वाफ अपुरी पडली.

आता गिरगावकडे वळू. कथेत उंचीचा आकडा आहे, थोर प्रेक्षकांची नावे आहेत. ‘केसरी’त बातमी आल्याचे वारंवार सांगितले जाते, पण तो अंक सर्वमान्य पुरावा म्हणून पुढे आलेला नाही. इंजिन पाऱ्यावर चालत होते, एवढेच सांगितले जाते. पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो, त्याची वाफ विषारी असते आणि वजनाने तो पाण्याच्या साडेतेरा पट जड. पाऱ्याच्या वाफेवर टर्बाइन फिरतच नाही असे नव्हे; अमेरिकेत हार्टफर्डच्या वीजकेंद्रात १९२३ साली ते फिरले. पण ते जमिनीवर पक्के बसवलेले, बंदिस्त आणि अवजड होते. उघड्या किनाऱ्यावर, माणसांच्या गर्दीत पारा उकळला असता, तर निदान कोणाच्या आजारपणाची आठवण तरी मागे उरली असती. केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. गिरगाव हे लिहित्या-वाचत्या माणसांचे गाव होते.

ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा या कथेला आधार दिला जातो, ते सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात सांगितले, म्हणजे चौपाटीच्या कथित उड्डाणानंतर दोन दशकांहून अधिक काळाने. १९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी ते तपासले. ग्रंथ १९०४ पूर्वीचा नाही आणि त्यातील विमाने उडण्यास असमर्थ आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

तळपदे मात्र काल्पनिक नव्हेत. चिराबाजारात राहणारा हा पाठारे प्रभू गृहस्थ या विषयाने झपाटलेला होता आणि १९०७ साली त्याने ‘प्राचीन विमान कलेचा शोध’ हे पुस्तक मराठीत लिहिले. माझ्या मते न घडलेल्या उड्डाणाचा मुकुट त्याच्या डोक्यावर ठेवण्यात त्याच्यावर अन्यायच आहे. त्याने खरोखर काय जोडले आणि कोठे अडला, हे त्या मुकुटामुळे कोणी विचारीतच नाही.

तेव्हा कोणाच्या घरी जुन्या ट्रंकेत त्या काळचे एखादे पत्र किंवा कात्रण सापडलेच, तर त्यात उंचीचा आकडा आधी पाहू नका. पेटवले कोणी, धूर किती झाला, लोकांना किती दूर उभे केले होते आणि खाली आल्यावर यंत्र कोणी उचलून नेले, ते पाहा.