'एक्स्पोसितो' : एका आडनावाची हकीकत

स्पॅनिश आडनावांच्या पाठीशी बहुधा एखादा बाप, एखादे गाव किंवा एखादा धंदा उभा असतो. पेरेस म्हणजे पेद्रोचा, फेर्नान्देस म्हणजे फेर्नान्दोचा. तोलेदो म्हणजे त्या नगरीचा. सापातेरो म्हणजे जोडे करणारा. त्यातही स्पॅनिश माणूस दोन आडनावे लावतो, आधी पित्याचे आणि मग मातेचे. नाव सांगितले की दोन्ही घराण्यांचा पत्ता सांगितल्यासारखेच झाले. अशा या समाजात शतकानुशतके एक आडनाव चालत आले आहे, ज्याच्या पाठीशी कोणीच नाही. ते म्हणजे 'एक्स्पोसितो'.

शब्दाचे मूळ लॅटिन आहे. 'एक्स्पोनेरे' म्हणजे बाहेर ठेवणे. त्यावरून 'एक्स्पोसितुस', म्हणजे बाहेर ठेवलेला. बोलत्या स्पॅनिशमध्ये त्याच धातूचे 'एक्स्पुएस्तो' हे झिजलेले रूप रूढ झाले, परंतु टाकून दिलेल्या मुलासाठी दप्तरात लॅटिनचे जुने रूप टिकून राहिले. आम्हां व्याकरण शिकवणाऱ्यांना येथे एक गोष्ट खटकते. हे कर्मणी धातुसाधित आहे, आणि त्याचा कर्ता अध्याहृत आहे. कोणी ठेवला, ते शब्द सांगत नाही. कृती एकाची आणि नाव मात्र दुसऱ्याला, तेही पिढ्यान् पिढ्या. कर्णाला सूतपुत्र म्हणून हिणवले गेले, पण त्या शब्दात निदान कुणाचा तरी पुत्र असल्याची कबुली होती.

कर्त्याला अदृश्य ठेवण्याची सोय भिंतीतच केलेली असे. माद्रिदच्या 'इनक्लूसा'सारख्या अनाथालयांच्या भिंतीत 'तोर्नो' नावाचे फिरते लाकडी पिंप बसवलेले असायचे. बाहेरच्याने त्यात मूल ठेवायचे, घंटा वाजवायची, पिंप फिरवायचे आणि निघून जायचे. आतल्याला त्याचे तोंड दिसत नसे. कधी मुलासोबत चिठ्ठी असे, कधी फितीचा तुकडा किंवा अर्धे तोडलेले पदक, पुढेमागे ओळख पटावी म्हणून. कारकून हे सारे वहीत उतरवून घेई. त्यांतील बहुसंख्य मुले फार काळ जगत नसत. होआकिन हाविएर दे उरिस या धर्माधिकाऱ्याने 1801 साली पाम्प्लोना येथे या मुलांच्या मृत्यूंच्या कारणांवर एक ग्रंथच प्रसिद्ध केला. आज हे आडनाव लावणारी कुटुंबे बहुतांशी त्यातून वाचलेल्या थोड्यांचे वंशज आहेत, हे विसरून चालणार नाही.

या इतिहासातले सर्वांत विलक्षण पान 1794 सालचे आहे. त्या वर्षी राजा चौथा कार्लोस याने फर्मान काढले की स्पेनमधील व अमेरिकेतील वसाहतींमधील ज्या टाकलेल्या मुलांचे आईबाप अज्ञात आहेत, ती सर्व नागरी व्यवहारापुरती औरस समजावीत. त्यांना जारज, अनौरस अशा शब्दांनी हिणवणाऱ्याला न्यायाधीशासमोर शब्द मागे घ्यायला लावावे आणि दंडही करावा. याहून गमतीचे कलम शिक्षेविषयी आहे. अशा व्यक्तीला फटके, फाशी किंवा चव्हाट्यावरील विटंबनेची शिक्षा देऊ नये, उच्चकुलीनांना देतात तीच द्यावी. कारण न जाणो, तो एखाद्या थोर घराण्यातला निघायचा! आमच्या मते या एका वाक्यात राजाने स्वतःच्या सरदारवर्गाविषयी पुष्कळ काही कबूल करून टाकले आहे. शिव्यांना अशी बंदी झाली; आडनावाच्या रकान्यातला 'एक्स्पोसितो' मात्र कारकुनाच्या लेखणीतून उतरतच राहिला.

हवानामध्ये निराळी वाट चोखाळली गेली. अठराव्या शतकाच्या आरंभी बिशप हेरोनिमो वाल्देस याने तेथे टाकलेल्या मुलांसाठी घर उघडले आणि त्यांना स्वतःचे आडनाव दिले. कृती मोठ्या मनाची होती यात शंका नाही. शिवाय वाल्देस हे चारचौघांत वावरणारे जुने आडनाव होते. पण होता होता हवानात कोणी नुसते 'वाल्देस' म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात संशय येऊ लागला. 1809 साली जन्मलेला कवी गाब्रिएल दे ला कोन्सेप्सिओन वाल्देस, म्हणजेच 'प्लासिदो', याच घरात ठेवला गेला होता. बापाने त्याला पुढे परत नेले, तरी आडनाव तेच राहिले. 1844 मध्ये कटाच्या आरोपावरून स्पॅनिश सत्तेने त्याला गोळ्या घालून ठार केले.

सिरिलो व्हियाव्हेर्दे याने 1882 साली न्यूयॉर्क येथे पूर्ण रूपात प्रसिद्ध केलेल्या 'सेसिलिया वाल्देस' या कादंबरीचा सारा पेच या आडनावातच आहे. श्रीमंत गोरा बाप आपल्या मिश्रवर्णी मुलीला त्या घरात घालतो. तिला वाल्देस नाव मिळते आणि तो स्वतः पडद्याआड राहतो. पुढे ती ज्याच्यावर प्रेम करते, तो तिचा सावत्र भाऊ निघतो. बिशपने मुलांवर घातलेले पांघरूण शेवटी बापाच्याच कामी आले. आमच्या पाहण्यात, एका आडनावाचा इतका कठोर हिशेब दुसऱ्या कोणत्याही कादंबरीने मांडलेला नाही.

स्पेनमध्ये 1957 च्या नागरी नोंदणी कायद्याने 'एक्स्पोसितो' आणि तत्सम आडनावे बदलून घेण्याची मुभा दिली, आणि अज्ञात मातापित्यांच्या मुलांना रोजच्या वापरातली आडनावे द्यावीत असे ठरवले. अनेकांनी ते बदलले असेल. हजारोंनी बदललेले नाही, आणि त्यांनी ते का बदलावे, असा प्रश्न आम्हांलाही पडतो. अर्जेंटिनाच्या टँगोसंगीतात दोन भाऊ प्रसिद्ध आहेत, एक गीतकार आणि एक संगीतकार. 1944 च्या सुमारास लोकप्रिय झालेले 'नारान्हो एन फ्लोर' हे त्या दोघांचे गाणे. त्यांची नावे ओमेरो आणि विर्हिलिओ, म्हणजे होमर आणि व्हर्जिल, आडनाव एक्स्पोसितो.