राहुरीची गारगोटी

परवा अमेरिकेतून एका मैत्रिणीची मेल आली. नेहमीसारखी चार ओळींची नव्हे, चांगली दोन पानी. आम्ही दोघी नगरच्या एकाच गल्लीत वाढलो. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेवरचं नगर काही जात नाही.) तिचं घर तीन-चार पिढ्यांचं ख्रिस्ती. नाताळात त्यांच्याकडून करंज्या यायच्या, दिवाळीत आमच्याकडून जायच्या, आणि कोणाच्या करंज्या खुसखुशीत यावर दोन्ही आया वर्षभर एकमेकींना टोमणे मारायच्या.

तर ही मैत्रीण गेली दोन वर्षं दहा वर्षांच्या मुलाला शाळेत न पाठवता घरीच शिकवते आहे. गणित, इंग्रजीची पुस्तकं ठरली. गाडी अडली ती विज्ञानापाशी. तिच्यासमोर दोन संच आहेत. एकात पृथ्वीचं वय साडेचारशे कोटी वर्षं. दुसऱ्यात देवानं सहा दिवसांत सृष्टी निर्माण केली, त्याला सहा ते दहा हजार वर्षं झाली आणि खडक नि जीवाश्म बहुतेक नोहाच्या जलप्रलयात तयार झाले. तिच्या चर्चमधली घरी शिकवणारी सगळी कुटुंबं हा दुसरा संच वापरतात. मुलं आठवड्यातून एकदा एकत्र जमून प्रयोगही त्यातलेच करतात.

एवढंच असतं तर तिनं मला विचारलं नसतं. पण मुलाच्या टेबलावर एक गारगोटी आहे. राहुरीकडे विहीर खोदताना निघालेली, मुठीएवढी. बाहेरून काळा कातळ आणि आत पांढऱ्या स्फटिकांचं फूल. ती त्याला आजोबांनी दिली. आजोबा म्हणजे आमचे सर. शाळेत विज्ञान शिकवायचे आणि रविवारी देवळात (नगरचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात) शास्त्रपाठ वाचायचे. त्यांनी नातवाला सांगितलं होतं, हा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हातला आहे. सर तीन वर्षांपूर्वी गेले. आता नवं पुस्तक चाळून मुलगा आईला विचारतोय, आजोबा चुकीचं सांगत होते का?

"तुला इतिहास कळतो, तू सांग," असं तिनं लिहिलं होतं. श्रद्धेच्या बाबतीत मी तिला काय सांगणार? पण या भांडणाचा इतिहास आमच्या नगरातूनच जातो, तो मात्र मला थोडाफार ठाऊक आहे. तोच तिला लिहून पाठवला. इथे जरा सविस्तर मांडते.

१८१३ साली मुंबईत सुरू झालेलं अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये नगरला आलं. पाठोपाठ शाळा आल्या. सिंथिया फरार ही अमेरिकन बाई १८३९ मध्ये नगरला आली आणि मुलींना शिकवत १८६२ मध्ये इथेच वारली. सावित्रीबाई फुले शिक्षिका होण्यासाठी नगरला जिच्याकडे शिकल्या, ती हीच. १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' हे नियतकालिक नगरातच सुरू झालं. धर्माबरोबर शास्त्रीय विषयही त्यात असत. माझ्या मैत्रिणीच्या पणजोबांच्या हाती अक्षर आलं ते अशाच शाळांमधून. हे ऋण मोठं आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण मिशनऱ्यांना त्या काळी भूगोल आणि खगोल इतके प्रिय का होते? ज्ञानाची आवड होतीच, पण दुसरंही कारण होतं. पुराणातली पृथ्वी सपाट. मध्ये मेरू पर्वत आणि भोवती सात समुद्र: खारट पाण्याचा, उसाच्या रसाचा, मद्याचा, तुपाचा, दह्याचा, दुधाचा आणि गोड पाण्याचा. मुलाच्या हातात पृथ्वीचा गोल दिला की तुपाचा समुद्र कुठे दाखवायचा? भूगोल शिकला की पुराण आपोआप ढासळेल, असा त्यांचा हिशेब होता. पोथी सांगते म्हणून खरं मानू नका, जग बघा आणि ताडून पहा, हे ते आपल्या मुलांना शिकवत होते. शिकवण उत्तमच होती.

याच सुमारास आपल्या लोकांत एक वाद रंगला होता, तो आज फारसा कोणाला माहीत नाही. भोपाळजवळ सिहोरला लॅन्सलॉट विल्किन्सन नावाचा इंग्रज अधिकारी होता. युरोपचं खगोल शिकवण्याआधी त्यानं पंडितांना त्यांच्याच भास्कराचार्यांची आठवण करून दिली. बाराव्या शतकातल्या 'सिद्धान्तशिरोमणी'त पृथ्वी गोल आहे हे स्वच्छ लिहिलेलं आहे. त्याच्या पदरच्या सुबाजी बापू या मराठी पंडितानं १८३६ मध्ये 'सिद्धान्तशिरोमणिप्रकाश' हे पुस्तक मराठीत लिहिलं. मग पुण्याकडच्या एका शास्त्र्यांनी 'अविरोधप्रकाश' लिहून त्याला उत्तर दिलं. अविरोध म्हणजे पुराण आणि सिद्धान्त यांच्यात मुळी विरोधच नाही, नीट अर्थ लावला की दोन्ही जुळतात. सुबाजी बापूंनी त्याचंही खंडन केलं.

हा 'अविरोध' शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. मैत्रिणीच्या त्या दुसऱ्या संचाचं एका शब्दात वर्णन करायचं तर ते हेच. पोथी आधी, पुरावा नंतर. आणि पुरावा जुळला नाही तर तो जुळेपर्यंत वळवायचा.

आता मिशनऱ्यांकडे परत येऊ. त्यांनी दुसऱ्याच्या पोथीला लावलेली फूटपट्टी आज ना उद्या त्यांच्याही पोथीला लागणार होतीच. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी सतराव्या शतकात बायबलमधल्या वंशावळींवरून हिशेब करून सृष्टीचा जन्म इसवी सनपूर्व ४००४ मध्ये धरला. पुढे ही सालं इंग्रजी बायबलांच्या समासात छापली जाऊ लागली आणि वाचणाऱ्यांना ती मूळ ग्रंथाचाच भाग वाटू लागली. पण एकोणिसावं शतक अर्ध्यावर यायच्या आत युरोपातल्या बहुतेक भूशास्त्रज्ञांनी, त्यांत चर्चचे धर्मगुरूही होते, सहा हजार वर्षांचा हिशेब सोडून दिला होता. खडकांचे थर मोजताना तो पुरतच नव्हता.

याचं आपल्या मातीतलं उदाहरण म्हणजे नागपूरचे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप. हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आले. आजचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. दिवसा शाळा नि उपदेश आणि फुरसतीत हातात हातोडी. सहकारी रेव्हरंड हंटर यांच्याबरोबर त्यांनी नागपूर भागातल्या खडकांवर निबंध लिहिले. लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये त्यांना तळ्यातल्या गाळाचा थर सापडला. त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगाई होत्या, वनस्पतींचे अवशेष होते. याचा अर्थ नीट बघा. आधी लाव्हा आला. तो निवला. त्यावर पाणी साचून तळं झालं, गाळ बसला, झाडं उगवली, गोगलगाईंच्या पिढ्या जगल्या-मेल्या. आणि मग त्यावर पुढचा लाव्हा आला. हे सगळं एका वर्षाच्या महापुरात कसं बसवायचं? हिस्लॉप यांनी आपला धर्म सोडला नाही आणि गोगलगाईही लपवल्या नाहीत. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना ओढ्याच्या पाण्यात ते बुडाले.

तोच काळा कातळ नगर जिल्ह्याखाली पसरलाय. त्याचं वय आता किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून काढलेलं आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षं. सरांची गारगोटी त्यानंतरची. निवलेल्या लाव्हात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या, त्यांत खनिजं विरघळलेलं कोमट-गरम पाणी झिरपत राहिलं आणि स्टिल्बाईट, अपोफिलाईटचे स्फटिक सावकाश वाढत गेले. राहुरीजवळच्या मोमीन आखाड्याचे असे स्फटिक जगभरच्या संग्रहांत आहेत.

दगडांवर विश्वास नसेल तर माणसांकडे बघा. नेवासे आपल्याला ज्ञानेश्वरीमुळे माहीत. तिथेच डॉ. सांकलिया यांनी १९५४ ते ५६ मध्ये उत्खनन केलं आणि प्रवरेच्या जुन्या वाळूगोट्यांत अश्मयुगीन माणसाची हत्यारं निघाली. ती काही लाख वर्षांपूर्वीची आहेत. श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला चार हजार वर्षांपूर्वीची वस्ती आहे, सिंधू संस्कृतीच्या खुणांसकट. अशर यांच्या हिशेबानं जलप्रलय इसवी सनपूर्व २३४८ चा. त्या वेळी तर हडप्पा आणि मोहेंजोदडो भरभराटीला होते आणि पुढेही काही शतकं नांदत राहिले. जग बुडाल्याची खूण तिथल्या थरांत नाही.

मग इतकं सगळं मागे पडल्यावर सहा हजार वर्षांचं विज्ञान पुन्हा आलं कुठून? मला स्वतःला ही गोष्ट उशिरा कळली. ती परंपरा वाटते तितकी जुनी नाहीच. डार्विनचा ग्रंथ १८५९ मध्ये आला तेव्हा अमेरिकेत त्याची बाजू मांडणारा आसा ग्रे हा वनस्पतिशास्त्रज्ञ श्रद्धाळू ख्रिस्ती होता. १९२५ च्या टेनेसीमधल्या गाजलेल्या खटल्यात उत्क्रांतीच्या विरुद्ध उभे राहिलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनीसुद्धा साक्षीत कबूल केलं, की उत्पत्तीतले सहा दिवस म्हणजे चोवीस तासांचेच असं नव्हे. जलप्रलयानं सगळे खडक घडवले ही मांडणी जोरात आली ती १९६१ नंतर, एक धर्मशास्त्री आणि एक जलअभियंता यांनी मिळून लिहिलेल्या पुस्तकातून. पुढे काही राज्यांनी ती सरकारी शाळांत आणायचा प्रयत्न केला, आणि १९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तो बेकायदा ठरवला. सरकारी शाळेचं दार बंद झालं तरी घरं आणि खाजगी शाळा उरल्याच. माझ्या मैत्रिणीच्या टेबलावर तो संच आला तो अशा वाटेनं. आमचे सर ज्या श्रद्धेत वाढले, तिच्यात हे नव्हतंच.

हे लिहिताना मला आपल्या घराचंही आठवलं. माझे आजोबा सांगायचे, दशावतार म्हणजेच उत्क्रांती. आधी मासा, मग कासव, मग वराह, मग नरसिंह. मी हे शाळेत मोठ्या ऐटीत सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "छान आहे. पण यावरून आपल्याला माहीत नसलेलं काय कळतं?" मला उत्तर आलं नाही. अजूनही येत नाही. जुळवणी नेहमी मागून होते. शोध दुसऱ्या कोणीतरी लावून झाल्यावर.

तेव्हा हसायचं कोणी कोणाला? जानेवारी २०१८ मध्ये आमच्या शेजारच्या औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) केंद्रातले एक राज्यमंत्री म्हणाले, की डार्विन चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलं नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींना एकत्र निवेदन काढावं लागलं. २०२३ मध्ये तर एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गाळला गेला. बारावीत तो राहिला, पण दहावीनंतर विज्ञान सोडणाऱ्या मुलांचं काय?

असो. मैत्रिणीला मी शेवटी एवढंच लिहिलं: "दोन्ही पुस्तकं घे आणि प्रत्येकात एक गोष्ट शोध. आमचं म्हणणं चुकीचं ठरायचं असेल तर काय सापडावं लागेल, हे त्यात कुठे लिहिलंय का? ज्यात असेल, त्यावरून विज्ञान शिकव. बायबल रोज सकाळी वाचतेस तसं वाचत जा. सर दोन्ही करायचे. एका हाताला दुसऱ्यापासून लपवायचं त्यांना कधी काही नव्हतं."

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. तिनं पहिला संच घेतला. घरची सकाळची प्रार्थना चालू आहे. गटातल्या दोघी आता पूर्वीसारखा फोन करत नाहीत, आणि आठवड्याच्या प्रयोगांना मुलाला न्यायचं की नाही हे अजून ठरत नाहीये. तो मित्रांवाचून कंटाळतो. मी लांबून सल्ला देऊन मोकळी झाले, किंमत तिला मोजावी लागते आहे, हे वाचताना मला टोचलं.

मेलच्या शेवटी एक फोटो होता. गारगोटी, आणि तिच्याखाली मुलाच्या अक्षरातली चिठ्ठी. दगडाचं नाव, गाव राहुरी, वय साडेसहा कोटी वर्षं. 'वय' या शब्दापुढे त्यानं पेन्सिलीनं एक छोटं प्रश्नचिन्ह काढलं होतं. तिला वाटलं, मला वाईट वाटेल. मला वाटतं, सरांना ते प्रश्नचिन्ह आवडलं असतं.