एका बोटाचे 9 शिलिंग आणि इंग्रजीतला ‘इफ’

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण सुरुवात व्याकरणाच्या एका तक्त्यापासून करते.

शाळेत आम्हाला ‘इफ’ची वाक्यं तक्त्यात शिकवली. टाइप वन, टाइप टू, टाइप थ्री. तक्ता पाठ केला, परीक्षेत मार्कही पडले. पण प्रत्यक्ष बोलायची वेळ आली की मी अडखळायचे. ‘इफ’ नंतर ‘विल’ येतं का? ‘आय वॉज’ की ‘आय वेअर’? ‘हॅड’ एकदा की दोनदा? तक्ता आठवेपर्यंत समोरचा पुढच्या विषयावर गेलेला असायचा.

माझी ही गाठ सुटली ती एका 1400 वर्षांपूर्वीच्या कायद्यामुळे.

इंग्लंडच्या आग्नेय टोकाला केंट नावाचा भाग आहे. इसवी सन 600 च्या सुमारास तिथे एथेलबर्ट नावाचा राजा होता. रोमहून ऑगस्टिन नावाचा धर्मप्रचारक 597 मध्ये त्याच्या राज्यात आला आणि राजा ख्रिस्ती झाला. त्याच काळात राजाने आपले कायदे लिहून काढले, आणि तेही लॅटिनमध्ये नाही, लोकांच्या बोलीत. इंग्रजीतला आज उपलब्ध असलेला हा सगळ्यात जुना कायदा. मूळ प्रत हरवली. रॉचेस्टरच्या कॅथेड्रलमध्ये 1120 च्या दशकात केलेली नक्कल तेवढी उरली.

यात साधारण 90 कलमं आहेत आणि बहुतेक कलमांची सुरुवात एकाच शब्दाने होते. लिहायचे ‘गिफ’, उच्चार ‘यिफ’. हाच आजचा ‘इफ’!

कलमं काय आहेत? कुणी कुणाचा कान तोडला, तर 12 शिलिंग भरा. अंगठा तोडला तर 20. तर्जनी 9, मधलं बोट 4, अनामिका 6 आणि करंगळी चक्क 11. डोळा गेला तर 50 शिलिंग. साध्या स्वतंत्र माणसाचा खून झाला तर भरपाई 100 शिलिंग, म्हणजे एक डोळा अर्ध्या माणसाच्या किमतीचा.

ऐकायला विचित्र वाटतं ना? पण तेव्हाचा विचार करा. पोलीस नाहीत, तुरुंग नाहीत. तुझ्या भावाचं बोट तुटलं तर तू त्याचा हात तोडणार, मग त्याचे भाऊ तुझ्या घरावर येणार. सूड पिढ्यान्‌पिढ्या चालायचा. राजाने काय केलं, तर घडण्याआधीच ठरवून टाकलं: असं झालं तर तसं. हीच युक्ती त्याच्याही दोन हजारांहून जास्त वर्षं आधी बॅबिलोनच्या हम्मुराबीने दगडावर कोरली होती. तो दगड आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यातले कायदेसुद्धा ‘जर’ या अर्थाच्या शब्दानेच सुरू होतात.

आता त्या केंटमधलं एक गाव डोळ्यांसमोर आणा. ही गोष्ट माझ्या कल्पनेतली आहे. भांडणात एकाची तर्जनी तुटली. तो म्हणतो, “त्याने पैसे दिले तर मी त्याला माफ करीन.” इंग्रजीत: इफ ही पेज, आय विल फर्गिव्ह हिम. हे होऊ शकतं, दार उघडं आहे. हा पहिला ‘इफ’. इथे मराठीत आपण सहसा ‘देईल तर’ऐवजी ‘दिले तर’ म्हणतो. म्हणजे ‘तर’च्या आधी भविष्यकाळ आपणही अनेकदा टाळतो. मग ‘इफ ही विल पे’ कशाला? जुन्या इंग्रजीत ‘विल’चा मूळ अर्थ ‘इच्छा असणे’ असा होता. म्हणून आजही विनंती करताना ‘इफ यू विल वेट हिअर’ चालतं. तिथे समोरच्याची तयारी विचारलेली असते.

मित्र त्याला सांगतो, “मी तुझ्या जागी असतो तर पैसे घेतले असते.” इफ आय वेअर यू, आय वुड टेक द मनी. मित्र काही त्याच्या जागी नाही. गोष्ट आत्ताची, पण खरी नाही. हा दुसरा ‘इफ’. आणि ‘आय वेअर’ का? जुन्या इंग्रजीत अशा कल्पनेतल्या गोष्टींसाठी क्रियापदाचं वेगळं रूप होतं. शेकडो वर्षांत शब्दांचे शेवट झिजले आणि ती रूपं गेली. ‘वेअर’ हे त्यातलं उरलेलं एक.

वर्षं गेली. म्हातारपणी ते दोघे शेजारी बसून म्हणतात, “राजाने हा कायदा केला नसता तर आपण एकमेकांना मारलं असतं.” इफ द किंग हॅडन्ट मेड धिस लॉ, वी वुड हॅव किल्ड ईच अदर. वेळ निघून गेलेली, आता काही बदलणार नाही. हा तिसरा ‘इफ’.

आता नीट बघा. दुसऱ्या आणि तिसऱ्या मराठी वाक्याचा शेवट सारखाच आहे: ‘घेतले असते’, ‘मारलं असतं’. ‘पैसे असते तर फोन घेतला असता’ हे आत्ताचंही असू शकतं आणि गेल्या दिवाळीचंही. मराठीत ते संदर्भावरून कळतं. इंग्रजीला मात्र आत्ताचं असेल तर ‘इफ आय हॅड मनी’ आणि तेव्हाचं असेल तर ‘इफ आय हॅड हॅड मनी’ लागतं. आपण अडखळतो ते नेमके इथे. गंमत म्हणजे एथेलबर्टच्या काळच्या इंग्रजीतही दोन्हीकडे एकच रूप चालायचं. ‘हॅड’ लावून गेलेला काळ वेगळा काढायची सवय नंतर लागली. म्हणजे या बाबतीत जुनी इंग्रजी आपल्यासारखीच होती!

त्यामुळे आता मी तक्ता आठवत नाही. स्वतःला दोनच प्रश्न विचारते. हे होऊ शकतं का? आणि नसेल, तर गोष्ट आत्ताची की गेलेली?

आजचा सराव: तुमच्या आयुष्यातली एकच घटना घ्या. परीक्षा, नोकरी, भांडण, काहीही. तिच्यावर तीन ‘इफ’ची तीन वाक्यं करा आणि फोनवर स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ऐका. तिसरं वाक्य म्हणताना जरा चुटपुट लागेल. लागू द्या. लोकांवर तिसरा ‘इफ’ म्हणायची वेळ कमी यावी, म्हणून तर एथेलबर्टने पहिला ‘इफ’ आधीच लिहून ठेवला होता.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!