पॅरिसमध्ये बंधू, मुंबईत परका : माणेकजी कर्सेटजी आणि लॉजांमधील आंतरराष्ट्रीय संबंध

भायखळ्याचा 'खडा पारशी' बहुतेकांना ठाऊक असतो. तो पुतळा शेठ कर्सेटजी माणेकजी यांचा. तो उभारणाऱ्या पुत्राचे नाव मात्र फार थोड्यांना सांगता येते. माणेकजी कर्सेटजी हे त्यांचे नाव. मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टाचे न्यायाधीश, एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे पहिले भारतीय सदस्य आणि 1863 साली मुलींसाठी अलेक्झांड्रा इन्स्टिट्यूशन ही इंग्रजी शाळा काढणारे गृहस्थ. आजचा थ्रेड त्यांच्याविषयी आणि फ्रीमेसनरीविषयी आहे. डॉलरच्या नोटेवरील डोळा शोधत आलेल्यांची येथे निराशा होईल.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. फ्रीमेसन हे स्वतःला 'बंधू' म्हणवतात. त्यांच्या स्थानिक शाखेला लॉज म्हणतात. लॉज स्वयंभू नसते. त्याला एखाद्या ग्रँड लॉजची सनद लागते. लंडनची ग्रँड लॉज 1717 ची, आयर्लंडची 1725 ची, स्कॉटलंडची 1736 ची. या तिन्ही सत्ता परस्परांहून स्वतंत्र होत्या. एकीचा बंधू दुसरीच्या लॉजात पाहुणा म्हणून जाऊ शके, कारण त्या एकमेकींना मान्यता देत. या संस्थेचे सगळे परराष्ट्र धोरण 'मान्यता' या एका शब्दात सामावलेले आहे. मुंबईत पहिले लॉज 1758 साली, इंग्लंडच्या सनदेने निघाले. त्यात अर्थातच गोऱ्यांचा भरणा होता.

माणेकजींनी मुंबईच्या 'पर्सिव्हरन्स' या इंग्रजी सनदेच्या लॉजात प्रवेश मागितला. तो नाकारला गेला. येथे एक तपशील ध्यानात घ्यावा. नव्या सदस्यासाठी मतदान पांढऱ्या व काळ्या गोळ्यांनी होई. काळा गोळा कोणी टाकला हे गुप्त राही आणि कारण देण्याचे बंधन कोणावरच नसे. वर्णद्वेषाला यापेक्षा सोयीची पद्धत शोधूनही सापडली नसती. 1840 च्या दशकाच्या आरंभी माणेकजी विलायतेस गेले. तेथेही दार बंदच राहिले. मग ते फ्रान्सला गेले आणि पॅरिसच्या 'आ ला ग्लोआर द ल्युनिव्हेर' या लॉजाने त्यांना विधिवत दीक्षा दिली. या नावाचा अर्थ 'विश्वाच्या गौरवार्थ' असा होतो.

आता प्रश्न उमेदवारीचा राहिला नव्हता. मुंबईस परतलेले माणेकजी रीतसर मेसन होते. आम्ही सर्व एकच कुटुंब, ही या संस्थेची घोषणा खरी असती तर 'पर्सिव्हरन्स'ला त्यांना सामावून घ्यावे लागले असते. त्या लॉजाने त्यांना दुसऱ्यांदा नाकारले. म्हणजे पॅरिसमध्ये बंधू ठरलेला मनुष्य आपल्याच शहरात परका राहिला.

कोंडी फोडली ती एका स्कॉटिश डॉक्टराने. जेम्स बर्न्स हे कंपनीच्या सेवेतील वैद्य. अफगाण युद्धाचा इतिहास वाचणाऱ्यांना त्यांचे धाकटे बंधू परिचित असतील : 1841 साली काबूलमध्ये मारले गेलेले अलेक्झांडर बर्न्स. जेम्स यांना स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजने 1836 साली पश्चिम भारताचे प्रांतिक ग्रँड मास्टर नेमले होते. इंग्रजी सनदेची लॉजे त्यांच्या आज्ञेत नव्हती. पण स्कॉटिश सनदेने नवे लॉज काढण्यास त्यांना कोणाची अनुमती नको होती. 15 डिसेंबर 1843 रोजी मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज स्थापन झाले. त्याचा हेतूच भारतीयांना प्रवेश देणे हा होता. प्रमुखपदी बर्न्स आणि चिटणीस म्हणून माणेकजी.

मेसनिक लेखनात ही घटना जागतिक बंधुभावाचा विजय म्हणून सांगितली जाते. माझे मत जरा निराळे आहे. पॅरिसने दीक्षा दिली, एडिंबरोच्या सनदेने छप्पर दिले. परंतु हे घडू शकले ते मुंबईत एकाहून अधिक सत्ता नांदत होत्या म्हणून. सर्व अधिकार एकट्या लंडनकडे असता तर माणेकजींची फ्रेंच दीक्षा पेटीतच राहिली असती. शिवाय स्वतंत्र लॉज मिळाले म्हणजे 'पर्सिव्हरन्स'चे दार उघडले असे नव्हे. वेगळी पंगत वाढली गेली, इतकेच.

हिंदूंची वाट आणखी बिकट होती. मेसन होण्यासाठी एका परमेश्वरावर, त्यांच्या परिभाषेत 'विश्वाच्या महान रचनाकारा'वर, श्रद्धा आवश्यक मानली जाई. अनेक देव पूजणारा हिंदू या अटीत बसतो काय, यावर वाद चालला. कलकत्त्याच्या प्रसन्नकुमार दत्त यांना 'अँकर अँड होप' लॉजात 1872 साली प्रवेश मिळाला, तो नऊ वर्षांच्या झगड्यानंतर. याच लॉजात 1884 साली नरेंद्रनाथ दत्त नावाचा तरुण दाखल झाला. पुढे जग त्याला विवेकानंद म्हणून ओळखू लागले.

थोडे आमच्या मुलखाचे. माझे गाव येरमाळा, येडेश्वरीचे. 1948 पर्यंत ते निजामी राज्यात होते. त्या राज्याच्या राजधानीत गोशामहल बारादरी ही कुतुबशाही वास्तू आहे. ती 1872 साली निजामाकडून मेसनांना मिळाली आणि तिचे लॉज झाले. कलकत्त्यात हिंदूला प्रथमच प्रवेश मिळाला त्याच वर्षी दख्खनमध्ये एक मुसलमान दरबार मेसनांना वाडा देत होता. एकोणिसाव्या शतकातील भारताचे एकच एक चित्र रंगवू पाहणाऱ्यांनी हे वर्ष जरूर ध्यानात ठेवावे.

पुढे, 1877 साली, युरोपातच फूट पडली. ग्रँड ओरिएंट द फ्रान्सने आपल्या घटनेतून ईश्वरश्रद्धेची अट काढून टाकली. आस्तिक-नास्तिक हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न ठरविला. त्या ठरावाचे समर्थन करणारे फ्रेदेरिक देमों हे स्वतः प्रोटेस्टंट धर्मोपदेशक होते! लंडनने लगोलग संबंध तोडले. तेव्हापासून एका बाजूस इंग्लंडप्रणीत 'नियमित' परंपरा आणि दुसऱ्या बाजूस 'उदारमतवादी' परंपरा अशी विभागणी झाली.

उदारमतवादी प्रवाहातूनच स्त्रियांचा प्रश्न पुढे आला. मारिया देरेम आणि जॉर्ज मार्तँ यांनी 1893 साली पॅरिसमध्ये स्त्री-पुरुषांची मिश्र संघटना काढली. तिचे नाव 'ल द्रुआ ह्युमँ'. ॲनी बेझंट यांनी तिची दीक्षा 1902 साली घेतली. पुढे त्यांच्याच प्रयत्नांनी ही मिश्र मेसनरी थिऑसॉफिस्टांबरोबर भारतात रुजली. माणेकजींनी ज्या मुलींसाठी शाळा काढली, त्यांना त्यांच्या 'रायझिंग स्टार'मध्ये मात्र जागा नव्हती.

या उदारमतवादी लॉजांना परस्परसहकार्याची निकड अधिक होती, कारण लंडनची मान्यता त्यांना नव्हती. 1921 साली जिनिव्हात त्यांनी एक आंतरराष्ट्रीय संघ उभारला. मग युद्ध आले. ऑगस्ट 1940 मध्ये व्हिशी सरकारने कायदा करून फ्रान्समधील लॉजे बंद पाडली. नाझी अमलाखालील प्रदेशांत मेसनांचा छळ झाला. जिनिव्हाचा संघ 1950 साली विसर्जित झाला. 22 जानेवारी 1961 रोजी स्ट्रासबुर्ग येथे ग्रँड ओरिएंटच्या पुढाकाराने 'क्लिप्सास' हे नवे व्यासपीठ निर्माण झाले. प्रत्येक सत्तेचे सार्वभौमत्व अबाधित, कोणतीही धार्मिक अट कोणावर लादायची नाही, हा त्याचा पाया.

त्याच वर्षी, 24 नोव्हेंबरला, दिल्लीत ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झाली. पहिले ग्रँड मास्टर रामपूरचे नवाब रझा अली खान. भारताने मात्र स्ट्रासबुर्गची वाट धरली नाही. इंग्लंड, आयर्लंड व स्कॉटलंड या तिन्ही जुन्या सत्तांच्या संमतीने हे हस्तांतर झाले आणि ईश्वरश्रद्धेची अट कायम राहिली. मात्र तिचा अर्थ येथे रुंदावला : गीता, कुराण, बायबल, गुरू ग्रंथसाहिब आणि अवेस्ता या पाच ग्रंथांना लॉजात समान स्थान मिळाले. जुन्या लॉजांना पर्याय दिला गेला होता. अनेक लॉजे नव्या भारतीय सत्तेत आली. काहींनी आपली इंग्लिश, आयरिश वा स्कॉटिश सनद सोडली नाही.